वहीतला रकाना

नेल्चेचं पत्र आलं, एका ओळीचं.
माझं नाव काढा.
खाली सही, आणि कागदाला
शिंपल्यांच्या लिलावघराचा ओला वास.

मी मंडळीचा चिटणीस.
झीलंडच्या या बांधाआडच्या गावात
बावीस वर्षं वहीत बाप्तिस्मे लिहितो, लग्नं, मरणं,
कुणी दुसरीकडे राहायला गेलं
तर त्या गावाचं नाव.
'आपण होऊन गेली'
असा रकाना वहीत नाही.

रिवाजाप्रमाणे दोघं गेलो,
मी आणि मंडळीचे थोरले वडील, मारिनुस,
काळ्या कोटांत, वाऱ्यात टोप्या दाबून धरत.
तिने कॉफी दिली, प्रत्येकी एक बिस्किट,
आणि डबा बंद केला.
तिच्या आईचीच रीत.

मारिनुसने विचारलं, कुणी दुखावलं का?
नाही.
बाहेरचा कुणी पुरुष?
ती हसली. नाही हो.
मग झालं तरी काय?

काहीच झालं नाही. एका मंगळवारी
शिंपले निवडता निवडता ध्यानात आलं,
बऱ्याच दिवसांत मी मनातल्या मनात
कुणाशी बोललेच नाहीये.
आणि शिंपले निवडून होत होते.

मारिनुसने बशी बाजूला सारली.
हे बघ पोरी, आपण धरत नसतो,
धरलेले असतो.
बर्फावर मुलाला वाटतं, बापाचं बोट आपण पकडलंय.
खरं तर बापाने त्याचं मनगट पकडलेलं असतं.
निवडलेला माणूस जात नाही, जाऊच शकत नाही.
आणि जो गेला
तो कधी आलेलाच नव्हता.

खिडकीबाहेर भरती चढत होती.
मिठाने चिरलेली स्वतःची बोटं
ती बघत बसली. मग म्हणाली,
म्हणजे एक तर माझं जाणं खोटं
नाही तर माझं असणं.
भाऊ तापाने फणफणला तेव्हा
त्याच्या उशाशी रात्रभर गुडघे टेकून होती
ती सात वर्षांची कोण मग?
अठराव्या वर्षी सगळ्यांपुढे उभी राहिली,
'हो' म्हणताना जिचा घसा कोरडा पडला,
तुम्हीच पेला पुढे केलात मारिनुसकाका,
ती कोण?
मला जाऊ द्यायचं नसेल तर नका देऊ.
पण मागचं काढून घेऊ नका.
मी होते तिथे.

मारिनुस बोलला नाही.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी काढत नाही:
तो सहा वर्षांचा असताना
कालव्यावरचा बर्फ फुटला बापाच्या पायाखाली,
छातीपर्यंत पाण्यात गेलेल्या बापाने
पोराचं मनगट
सोडलं.
म्हणून पोरगा वर राहिला.

परतताना बांधावर तो पुढे, मी मागे.
पाठीमागे हात, एका हाताने
दुसरं मनगट आवळलेलं.
मी विचारणार होतो,
मुलाने आपणच सुटून जायचं ठरवलं तर
बाप घट्ट धरेल की सैल सोडेल,
आणि यातली माया कुठली.
वारा समोरून होता. बरं झालं.

रविवारी प्रवचनाच्या पहिल्या मुद्द्याला
नेहमीप्रमाणे पेपरमिंटचा डबा बाकावरून सरकत आला.
नेल्चेच्या जागेपाशी
म्हाताऱ्या कोबाचा हात
डबा धरून अधांतरी थांबला,
मग मधली जागा ओलांडून
पलीकडे गेला.

संध्याकाळी वही उघडली.
पट्टी ठेवली तिच्या नावावर, लाल शाई घेतली.
खोडायची ती ओळ अशी होती: नाव, बापाचं नाव,
बाप्तिस्म्याची तारीख, पानगळीतली,
माझ्याच अक्षरात.
पट्टी काढून ठेवली.
काळ्या शाईने समासात लिहिलं,
इथे होती. गेली.

मारिनुस सहीला आला.
चष्मा लावून वाचलं, परत वाचलं.
मधल्या पूर्णविरामावर बोट ठेवून
बराच वेळ थांबला,
पातळ बर्फावर थांबावं तसा.
मग सही केली.